डबा नको, काटा आण

आमची 17 नंबरची घोडी व्यायली. गुरुवारी पहाटे 3 वाजून 20 मिनिटांनी, आणि इतकी झटपट की रात्रपाळीची सेकंड इयरची मुलगी मला उठवायला आली तोवर शिंगराचे पुढचे दोन पाय आणि नाक बाहेर आलेलं होतं. तेव्हापासून माझी झोप नीट झालेली नाहीये, पण आज दुपारी जरा उसंत आहे म्हणून लिहून टाकते, कारण या घोडीच्या मागे माझी जवळजवळ दोन वर्षं गेलीयेत आणि युनिव्हर्सिटीच्या तबेल्यात आम्ही नेमकं काय करतो हे सांगायचं तर मला तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

आमच्याकडे घोड्याचा आहार हा एक पेपर आणि पैदास हा दुसरा पेपर. शिकवणारे वेगळे, प्रॅक्टिकल वेगळं, परीक्षा वेगळी. मी पण सुरुवातीला दोन वह्या केल्या होत्या. आता मुलांना शिकवायची वेळ माझ्यावर आलीय तर मी पहिल्याच दिवशी सांगते की एकच वही करा, कारण आज तोबऱ्यात काय पडतं त्याचा हिशोब पुढच्या वर्षी शिंगराच्या पायांच्या हाडांत निघतो, आणि नर-मादीची जोडी लावताना जे ठरतं त्यावर त्या शिंगराने आयुष्यभर काय खायचं तेही ठरतं. हे मला कुणी सांगून पटलेलं नाही, हळूहळू चुका करत करत पटलंय.

पहिली चूक तर अगदी पहिल्या महिन्यातली. तेव्हा चंदी घालायचं काम पहिल्या वर्षाच्या मुलांकडे असायचं आणि चंदीच्या पिंपात एक पत्र्याचा डबा पडलेला असायचा. फळ्यावर लिहिलेलं असायचं, अमक्या घोड्याला दोन डबे ओट, तमक्याला दीड. एक दिवस ओट संपले होते आणि शेजारच्या पिंपात भरडलेला मका होता, मी विचार केला धान्य ते धान्य, आणि त्याच डब्याने दोन डबे मका घातला. संध्याकाळी तो घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतोय, मान वळवून सारखा कुशीकडे बघतोय, खाली बसतोय परत उठतोय. पोटशूळ. डॉक्टर आले, रात्रभर आम्ही त्याच्याजवळ थांबलो, सकाळी त्याने लीद टाकली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मॅडमनी मला रागवलं वगैरे काही नाही, त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर तोच डबा मला ओट भरून वजन करायला लावला आणि मग तोच डबा मका भरून. मका कितीतरी जड भरला. आणि नुसता जड नाही, किलोमागे त्यात ताकद पण जास्त, म्हणजे दोन्ही धरून एक डबा मका हा जवळजवळ दोन डबे ओटांच्या ताकदीचा होतो आणि स्टार्च तर त्याहून जास्त. मी त्या घोड्याला दुप्पट चंदी घातली होती आणि माझ्या डोळ्यांना ती तेवढीच दिसत होती. मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून डबा नको, काटा आण." तो डबा अजून तबेल्यात आहे, खिळे ठेवायला वापरतो.

हे एवढं का महत्त्वाचं आहे ते घोड्याचं पोट समजल्याशिवाय कळत नाही. इतक्या मोठ्या जनावराचं जठर फक्त 8 ते 15 लिटरचं असतं. त्यात ॲसिड सतत पाझरत असतं, घोडा खात असो वा नसो, कारण हे जनावर मुळात दिवसभर थोडं थोडं चरणारं आहे. त्याला ओकता येत नाही. पित्ताशय नाही. छोटं आतडं साधारण 20 मीटर लांब, आणि स्टार्च पचवायचं काम त्याने उरकायचं, पण तिथून अन्न फार भराभर पुढे जातं, मग जे पचलं नाही ते मागच्या मोठ्या पिशवीत म्हणजे सीकममध्ये आणि मोठ्या आतड्यात जाऊन पडतं. तिथे अब्जावधी जंतू असतात, जे चारा आंबवून घोड्याला ताकद देतात, ती खरी त्याची चूल. त्या जंतूंना चारा पाहिजे. त्यांच्यावर एकदम स्टार्च जाऊन पडला की लॅक्टिक ॲसिड करणारे जंतू माजतात, आंबटपणा वाढतो, चारा पचवणारे मरतात, आणि त्यांच्या मरण्यातून जे विष सुटतं ते रक्तात जाऊन पार खुरापर्यंत पोचू शकतं. पोटातल्या चुकीने घोडा पायाने अधू होतो ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला खरीच वाटली नव्हती.

मग प्रत्यक्ष बघितली. आमच्याकडे दोन घोडे असे होते ज्यांच्या कुशीला ऑपरेशन करून सीकमपर्यंत एक झाकणाची नळी बसवलेली होती. ऐकायला कसंतरी वाटतं हे मला माहितेय, मलाही वाटलं होतं, पण ते घोडे इतरांसारखेच चरायचे, धावायचे, खरारा करताना डुलक्या घ्यायचे, आणि परवानगी समितीसमोर अशा प्रत्येक जनावराचं कारण लेखी मांडावं लागतं. चारा खाल्ल्यानंतर झाकण उघडून आतलं पाणी काढलं तर पीएच (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 7 च्या आसपास, वास ओल्या गवताचा. धान्य जास्त झाल्यावर काही तासांनी काढलं तर मीटरचा आकडा 6 कडे घसरलेला आणि वास आंबट, ताक जास्त आंबलं की येतो तसा, नाकाला झोंबणारा. त्या वासाने जे शिकवलं ते मला दहा लेक्चरांनी शिकवलं नसतं. तेव्हापासून एका वेळच्या चंदीत घोड्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोला 1 ग्रॅमच्या आत स्टार्च, हा हिशोब माझा आपोआप होतो.

अजून एक प्रॅक्टिकल मला फार आवडतं, आणि त्याला एक रुपयाचं पण यंत्र लागत नाही. घोड्यासमोर 1 किलो वाळलेलं गवत ठेवायचं, शेजारी बसायचं आणि तो किती वेळा चावतो ते मोजायचं. मुलं पहिल्यांदा हसतात. मग मोजत बसतात, एक हजार होतात, दोन हजार होतात, हसणं थांबतं. साधारण 40 मिनिटं लागतात आणि 3000 च्या वर चावे होतात. मग 1 किलो ओट ठेवायचे, 10 मिनिटांत फस्त, चावे 850 च्या आसपास. घोड्याच्या तोंडात लाळ चावतानाच सुटते, नुसतं अन्न बघून नाही, आणि ती लाळच ॲसिडला मारते. म्हणजे गवत कमी करून धान्य वाढवलं की आपण नुसता खुराक बदलत नाही, घोड्याचं औषध पण काढून घेतो. जठराच्या वरच्या भागात अल्सर का होतात ते इथे बसल्या बसल्या समजतं. म्हणून नियम असा की आधी चारा, घोड्याच्या वजनाच्या निदान दीड ते दोन टक्के रोज, 500 किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो कोरडा चारा, आणि मग त्यात कमी पडेल तेवढंच वरचं.

खऱ्या रिसर्चबद्दल सांगायचं तर त्यातला मोठा भाग लीद गोळा करण्यात जातो, आणि हे मी अगदी अभिमानाने सांगते. एखादा चारा घोड्याला किती पचतो हे शोधायचं तर आत किती गेलं आणि बाहेर किती आलं दोन्ही वजन करावं लागतं. घोड्याला एक पट्ट्यांचा साज घालतात, मागे पिशवी. दोन आठवडे तोच खुराक देऊन पोट त्याला सरावू द्यायचं आणि मग पुढचे चार-पाच दिवस, रात्रंदिवस, प्रत्येक लीद. काढायची, वजन करायची, नीट कालवायची, त्यातला दहावा हिस्सा डब्यात भरून लेबल लावून फ्रीजरला टाकायचा. नंतर ओव्हनमध्ये वाळवायचं, दळायचं, आणि मग लॅबमध्ये फायबर, प्रोटीन, राख. आमच्या बॅचमध्ये एकाने रात्री 2 ची पिशवी काढायची विसरली, पिशवी भरून सांडली, आणि त्या घोड्याचा तो अख्खा आठवडा बाद. त्याने ते लपवलं नाही, स्वतः येऊन सांगितलं, आणि मला अजूनही वाटतं त्या मुलाने त्या दिवशी जे केलं ते कुठल्याही पेपरापेक्षा मोठं होतं, कारण लपवलं असतं तर कुणालाच कळलं नसतं आणि तो खोटा आकडा पुढे कुणाच्यातरी घोड्याच्या खुराकात जाऊन बसला असता.

घोड्यांवरच्या प्रयोगात घोडे कमी असतात, चार, सहा, आठ. कोंबड्यांवर काम करणाऱ्यांना हजार पक्षी मिळतात, आम्हाला चार घोडे मिळाले तरी नशीब. म्हणून चार घोडे, चार खुराक, चार फेऱ्या अशी मांडणी करतात, प्रत्येक घोडा आळीपाळीने प्रत्येक खुराक खातो आणि त्याची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. पैदासीत तर अजून अवघड, घोडीचं गाभणपण साधारण 340 दिवसांचं, वर्षाला एक शिंगरू, म्हणजे दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये विद्यार्थ्याला फारतर एका वेताचं पीक बघायला मिळतं. गाभण घोडीला दिलेल्या खुराकाचा परिणाम दोन वर्षांच्या शिंगरावर बघायचा असेल तर विद्यार्थी पास होऊन गेलेला असतो आणि त्याची वही दुसऱ्याच्या हातात असते. म्हणूनच आमच्याकडे वहीत अक्षर चांगलं काढण्यावर इतका भर आहे. मी आज ज्या वह्या वापरते त्या लिहिणाऱ्यांना मी कधी भेटलेली नाही.

तर 17 नंबर. करडी, स्वभावाने शांत, पण माझ्याकडे आली तेव्हा एक सीझन रिकामी गेलेली. माजावर यायची, नराकडून भरवायची, आणि 14 व्या दिवशी सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं. तपासण्या झालेल्या, इन्फेक्शन नाही, काही नाही. मॅडमनी मला विचारलं, "हात लावून बघितलास का?" मी म्हटलं सोनोग्राफी बघितली. त्या म्हणाल्या, "सोनोग्राफी नाही, हात."

1983 साली अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत डॉन हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या अंगावरची चरबी मोजायची 1 ते 9 अशी पट्टी मांडली, आज जगभर तीच वापरतात. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे चरबीने थबथबलेला. सहा जागा बघायच्या, मान, वशिंडासारखा खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, फासळ्या, पाठ आणि शेपटीचं मूळ, आणि बघायच्या म्हणजे दाबून बघायच्या, कारण हिवाळ्याचे लांब केस डोळ्याला फसवतात. त्यांचं काम मुळात घोड्यांच्या पैदासीशीच जोडलेलं होतं, आणि त्यातून दिसलं की 5 च्या खालच्या घोड्या माजावर उशिरा येतात आणि कमी गाभण राहतात. 17 नंबरला मी डोळ्यांनी 5 देत होते. केसांत बोटं घालून फासळ्यांवरून हात फिरवला तर एकेक फासळी हाताला लागत होती, शेपटीच्या मुळाशी हाडाची कड. 4, फारतर. लांब केसांच्या आत ती बारीक होत गेली होती आणि आम्ही वर्षभर तिच्या गर्भाशयात दोष शोधत बसलो होतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, खरंच.

मग रोज काट्यावर गवत, त्यात लसूणघास, थोडं तेल वाढवलं, चंदी तीन वेळा थोडी थोडी. दर पंधरा दिवसांनी वजन. मोठा जमिनीवरचा काटा नसेल तर टेपने पण काम होतं, छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीने गुणायचं आणि 11,880 ने भागायचं, किलोत वजन येतं, बऱ्यापैकी बरोबर. हे सूत्र मुलांना मी पाठच करायला लावते. हळूहळू ती 6 वर आली. फार घाई केली नाही, कारण एकदम चढवलं तर परत तेच पोटाचं दुखणं.

दुसरीकडे उजेड. घोडी मोठ्या दिवसांत माजावर येणारी, तिच्या मेंदूला दिवस मोठा झालाय हे कळावं लागतं, म्हणून हव्या त्या तारखेच्या दोन-अडीच महिने आधीपासून तिच्या ठाणात दिवा लावून दिवसाचा उजेड आणि दिवा मिळून 16 तास करायचे. हे मुलांना जादूसारखं वाटतं. माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं, त्यातले पाच-सात दिवस माजाचे. रोज नर दाखवून घोडीचं वागणं लिहायचं, कान कसे आहेत, शेपूट उचलते का, लाथ मारते का, आणि मग डॉक्टर सोनोग्राफीने अंडाशयावरचा फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, मोजतात, तो रोज 3 मिमीच्या आसपास वाढतो, 35 मिमी झाला की आम्ही सगळे कान टवकारतो. मुलांना मी सांगते की मशीनच्या आधी घोडीचं वागणं लिहा, आकडा बघितल्यावर वागणं लिहिलं तर तुम्ही आकडाच लिहिता.

नराकडची बाजू थोडक्यात सांगते, ती माझ्या हातची नाही. वीर्य गोळा करायला लाकडी सांगाड्याची खोटी घोडी असते, गोळा केल्यावर शुक्रजंतू किती आणि त्यातले सरळ पुढे पळणारे किती ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं, थंड करून 5 अंशाला पाठवायचं किंवा द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 ला ठेवायचं. एक गोष्ट मात्र आहाराच्या वहीत पण लिहावी अशी आहे, शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 57 दिवस लागतात, म्हणजे आज वीर्य खराब आलं तर आजचा खुराक नाही, दोन महिन्यांपूर्वीचा ताप आणि दोन महिन्यांपूर्वीचा तोबरा बघायचा.

जोडी लावताना डीएनए टेस्ट. घोड्याच्या जीनोमचं, म्हणजे सगळ्या डीएनएचं, वाचन 2009 साली प्रसिद्ध झालं, कॉर्नेल युनिव्हर्सिटीतली ट्वायलाइट नावाची थरोब्रेड घोडी त्यासाठी वापरली होती, आणि तेव्हापासून आमचं काम खूप बदललं. अरबी घोड्यांत एक दोष असतो, शिंगराला प्रतिकारशक्तीच नसते, ते काही महिन्यांत मरतं. आईबाप दोघं वरून ठणठणीत पण दोघांच्यात एकेक खराब प्रत असेल तर चारात एक शिंगरू तसं निघतं. टेस्ट करून दोन वाहक एकत्र आणले नाहीत तर एकही निघत नाही. मला यात कुठलाही मतभेद मान्य नाही, टेस्ट उपलब्ध असताना न करता जोडी लावणं हा शिंगरावर अन्याय आहे. क्वार्टर हॉर्स जातीत दुसरा एक दोष आहे, स्नायू अचानक थरथरतात, घोडा कोसळतो, त्याची मुळं इम्प्रेसिव्ह नावाच्या एकाच नावाजलेल्या घोड्यापर्यंत जातात, त्याचे दंड-मांड्या इतक्या भरलेल्या की सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवी होती. आणि तो दोष असलेल्या घोड्याला सांभाळायचं कसं? पोटॅशियम कमी असलेला चारा निवडून, लसूणघास आणि मळी टाळून. म्हणजे चूक पैदासीच्या वहीत आणि तिची परतफेड रोज आहाराच्या वहीत, तो घोडा जगेल तोपर्यंत.

17 नंबरला भरवलं आणि 14 व्या दिवशी स्क्रीनवर काळा गोल दिसला. मी आनंदाने ओरडणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले थांब, आणि प्रोब थोडा फिरवला, दुसरा गोल. जुळी. माणसांत जुळी म्हणजे पेढे, घोडीत जुळी म्हणजे संकट, कारण घोडीची वार गर्भाशयाच्या अख्ख्या आतल्या भिंतीला चिकटून त्यातून शिंगराला पोसते, दोघांत ती भिंत वाटली गेली की दोघंही उपाशी, बहुतेक वेळा दोन्ही जातात आणि कधीकधी घोडी पण. हा पण आहाराचाच प्रश्न, फक्त आईच्या पोटातल्या तोबऱ्याचा. 16 व्या दिवसापर्यंत ते गोल गर्भाशयात फिरत असतात, नंतर एका जागी बसतात, त्यामुळे त्याआधी डॉक्टरला एक बाजूला सरकवून हलकेच चिमटता येतो. त्यांनी चिमटला. मी बघत होते, एक क्षण स्क्रीनवर दोन होते मग एक. चांगलं केलं हे माहीत असूनही मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. 25 व्या दिवशी उरलेल्याचं हृदय लुकलुकताना दिसलं.

पुढचे महिने तसे शांत गेले. शिंगराची बरीचशी वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते आणि नेमकं तेव्हाच पोटात जागा कमी झाल्याने घोडी चारा कमी खाते, म्हणून चाऱ्याचा दर्जा चढवायचा. तांब्याचा हिशोब तर मला सगळ्यात सुंदर वाटतो. घोडीच्या दुधात तांबं फार कमी असतं आणि व्यायल्यावर तिला कितीही तांबं खाऊ घाला दुधातलं फारसं वाढत नाही, म्हणून पोटात असतानाच शिंगरू स्वतःच्या लिव्हरमध्ये तांब्याचा साठा करून ठेवतं आणि पहिले महिने त्यावर हाडं-कुर्चा बांधतं. मग घोडीला मिनरल द्यायची वेळ कुठली? व्यायच्या आधीची. व्यायल्यावर धावपळ करून उपयोग नाही. कोंड्याबद्दल पण मी मुलांच्या मागे लागते, गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, असं खाणं महिनोन्महिने चाललं की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं आणि तोंडाची हाडं फुगून मऊ पडतात, पूर्वी पीठगिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे व्हायचं.

300 व्या दिवशी तिला फेस्क्यू गवताच्या कुरणातून काढलं. त्या गवताच्या आत एक बुरशी राहते, बाहेरून दिसत नाही, पण तिच्यामुळे दिवस लांबतात, वार जाड होते आणि घोडीला दूधच येत नाही. किती पिढ्या लोकांनी घोडीचं नशीब म्हणून सोडून दिलं असेल. अमेरिकेतल्या केंटकीत 2001 साली असंच हजारो गर्भ गेले, काय होतंय कुणाला कळेना, शेवटी युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी शोधलं की झाडांवरचे केसाळ सुरवंट गवतातून घोड्यांच्या पोटात जातायत. सुरवंट! तिथल्या तबेलेवाल्यांनी आणि संशोधकांनी मिळून वह्या चाळल्या नसत्या तर हे कधी सापडलं असतं का.

गेल्या आठवड्यात तिच्या सडांवर मेणासारखे थेंब दिसायला लागले. रोज संध्याकाळी दुधाचे दोन थेंब घेऊन पट्टीवर कॅल्शियम बघायचं, बुधवारी ते 200 पीपीएमच्या वर गेलं आणि मी रात्रीच्या देखरेखीची पाळी दुप्पट केली. पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर यायला 20-30 मिनिटं, तेवढाच वेळ असतो. जी पिशवी आधी दिसते ती पांढरट असली पाहिजे, लाल मखमलीसारखी दिसली तर वार आधीच सुटलीय, शिंगरू आत गुदमरतंय, तिथल्या तिथे फाडून ओढायचं, डॉक्टरची वाट बघायची नाही. सेकंड इयरच्या त्या मुलीने मला हलवून उठवलं तेव्हा पहिलं वाक्य तिने काय म्हटलं माहितीये? "ताई, पांढरी आहे." मी इतकी खूष झाले तिच्यावर. एवढ्या गडबडीत तिने नेमकी तीच गोष्ट बघितली होती.

मादी शिंगरू. तासाच्या आत उभं राहिलं, काठ्यांसारखे पाय चारी दिशांना, दोन तासांच्या आत कासेला लागलं, तिसऱ्या तासाच्या आधी वार पडली, ती आम्ही जमिनीवर पसरून तपासली, एकही तुकडा आत राहिलेला नाही ना. चीक रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे त्याचा कस दाखवणाऱ्या यंत्रावर, बघितला, 26 आला, 23 च्या वर चांगला. शिंगराला आईच्या पोटात ॲन्टीबॉडीज मिळतच नाहीत, सगळ्या चिकातून यायच्या, आणि त्याच्या आतड्याचं दार एका दिवसात बंद होतं. शुक्रवारी रक्त तपासलं, आयजीजी, म्हणजे त्या ॲन्टीबॉडीजचा आकडा, 800 च्या वर. मी वही मिटली आणि ठाणाच्या भिंतीला टेकून जरा वेळ तशीच बसले.

वजन जन्मतः 51 किलो, आज सकाळी 55. घोडी पहिल्या महिन्यात रोज 15 किलोच्या आसपास दूध देईल, 500 किलोच्या घोडीची ताकदीची गरज नेहमीच्या जवळजवळ दुप्पट होते, 16-17 मेगाकॅलरीवरून 31 च्या वर, म्हणजे आता खरं तिच्या अंगावरचं टिकवणं अवघड, आणि येत्या काही दिवसांत ती परत माजावर पण येईल. फळ्यावर तिचा नवा खुराक मी ग्रॅममध्ये लिहून ठेवलाय. 9 नंबरच्या घोडीच्या दुधाची पट्टी आज पहिल्यांदा रंग बदलतेय, त्यामुळे रात्री परत जागायचंय, आता दोन तास पडते.